रक्ताचे नमुने पुण्याला जातात, मुले का जात नाहीत?

२०१६ सालच्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात, रानातली माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने अंथरुणाला खिळली. काजूच्या बागांत राबणारी, रानातून पातेरा आणि लाकूडफाटा आणणारी ही माणसे होती. त्यांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे पाठवण्यात आले आणि रोगाचे नाव कळले. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला, गोचिडीच्या चाव्यातून पसरणारा हा विषाणूजन्य रोग. आपल्या लोकांनी त्याला माकडताप म्हटले. पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात दिसला. आणि भातशेतीच्या चिखलात उभे राहणाऱ्यांना पावसाळ्यात गाठणारा लेप्टोचा ताप तर जिल्ह्याला त्याआधीपासूनच माहीत आहे.

या रोगांवर शोधनिबंध लिहिले गेले. ते लिहिणे आवश्यकच होते आणि ज्यांनी लिहिले त्यांच्याविषयी आदरच आहे. आज मांडावयाचा प्रश्न वेगळा आहे. ज्या जिल्ह्यातून रक्ताचे नमुने इतक्या तत्परतेने प्रयोगशाळेत पोहोचतात, त्याच जिल्ह्यातील मुलगा किंवा मुलगी त्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून पोहोचू पाहते तेव्हा काय घडते?

गेल्या वर्षी जून महिन्यात मालवणजवळच्या एका वाडीतील मुलगी माझ्या पडवीत येऊन बसली. वडील रापणीवर जाणारे, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी. मुलीने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले, आणि चांगल्या गुणांनी केले. तापाच्या रोगांवर संशोधन करावे ही तिची इच्छा. जैववैद्यक संशोधनाच्या एका नामांकित संस्थेत पीएच.डी.साठी ती अर्ज करीत होती. संगणक घरी नसल्याने सारे मोबाइलवर चालले होते. मला म्हणाली, "सर, सगळा भरलंय. पण ह्या दोन रकान्यांत काय लिवू?" पहिल्या रकान्यात प्रयोगशाळेतील पूर्वीच्या संशोधनाचा अनुभव विचारला होता. दुसऱ्यात, उमेदवाराच्या कामाशी परिचित असलेल्या आणि तिची शिफारस करू शकतील अशा दोन संशोधकांची नावे मागितली होती. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, परंतु त्या दोन रकान्यांत तिने काय लिहावे हे मला सांगता आले नाही.

हा प्रश्न एका मुलीच्या अडचणीपुरता नाही, म्हणून आपल्या कार्यकर्त्यांसमोर तो मांडीत आहे. आपल्यापैकी बहुतेकांना या प्रवेशाची वाट ठाऊक नसते, तेव्हा आधी ती थोडक्यात पाहू.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण असलेल्या विद्यार्थ्याला पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असणाऱ्यालाही थेट अर्ज करता येतो. कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा; स्त्रियांना आणखी दोन वर्षांची मुभा. कागदावर हे उदारच आहे. परंतु प्रयोगशाळेत काम करावयाचे तर चरितार्थाची सोय हवी आणि ती अधिछात्रवृत्तीतून होते. त्यासाठी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची 'नेट' परीक्षा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा वेगळी. टाटा मूलभूत संशोधन संस्था जीवशास्त्रासाठी जी संयुक्त प्रवेशपरीक्षा घेते ती तिसरी. याखेरीज कित्येक विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या चाळण्या आहेतच. ज्याने अधिछात्रवृत्ती मिळवली आहे त्याला संस्था आनंदाने बोलावते. ज्याच्यापाशी ती नाही त्याचा अर्ज बहुधा ढिगाऱ्यात राहतो. आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही मुलाखत असतेच.

लेखी परीक्षेविषयी माझी मोठी तक्रार नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला उमेदवाराचे आडनाव कळत नाही, त्याच्या बापाचा धंदा कळत नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते, मराठीत नसते, हा अन्याय आहेच. २०२४ च्या जूनमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची 'नेट' परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द करण्यात आली आणि विज्ञान शाखांची 'नेट' ऐन वेळी पुढे ढकलली गेली, हेही आपण पाहिले. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला अशा घोळाचा मनस्ताप होतो. एस.टी.ने घाट उतरून-चढून परीक्षेचे शहर गाठणाऱ्याला मनस्तापाबरोबर भाड्याचे पैसेही जातात. तरीसुद्धा लेखी परीक्षा ही त्यातल्या त्यात न्याय्य पायरी आहे असे मी म्हणेन. खरी विषमता तिच्या पुढे सुरू होते, त्या दोन रकान्यांपाशी.

संशोधनाचा अनुभव कोणाला असतो? ज्याच्या महाविद्यालयात चालू संशोधन आहे, किंवा ज्याला उन्हाळ्याची सुट्टी पुण्यात वा बेंगळुरूत एखाद्या प्रयोगशाळेत काढता येते, त्याला. असे उन्हाळी प्रशिक्षण पुष्कळदा बिनपगारी असते आणि खोलीभाडे, खानावळ हा खर्च घरून करावा लागतो. शिफारसपत्र कोणाला मिळते? ज्याला एखादा शास्त्रज्ञ नावाने ओळखतो त्याला. आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राध्यापक कष्टाळू आहेत. परंतु अध्यापनाचे तास, तपासण्या आणि रिकाम्या राहिलेल्या जागांचा भार वाहून त्यांना संशोधनाला फारसा अवकाश उरत नाही. मग या दोन रकान्यांत उमेदवाराची बुद्धी मोजली जाते की प्रयोगशाळेपासूनचे त्याचे अंतर?

वेळापत्रकाचाही विचार करावा. 'नेट'चा एक हंगाम जूनचा आणि अनेक संस्थांच्या मुलाखती जून-जुलैत. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. रापण ओढणाऱ्यांच्या घरात वर्षातला सर्वांत ओढगस्तीचा काळ तो हाच. खुल्या प्रवर्गाला 'नेट'चे शुल्क २०२४ साली १,१५० रुपये होते. दोन-तीन परीक्षा, दोन-तीन मुलाखती, प्रवास आणि मुक्काम यांची बेरीज केली की समुद्र बंद असलेल्या घरात ती रक्कम काय आहे हे निराळे सांगावयास नको. कोणी मुद्दाम असे वेळापत्रक आखलेले नाही. परंतु ज्यांनी आखले त्यांच्या मनात असे घर आलेच नाही, हीच या व्यवस्थेची खूण आहे.

प्रवेशाच्या दाराशी अडवले जाण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची एक गुणवंत पदवीधर, कमला भागवत, हिने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिकविजेते चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्ज नाकारला गेला, कारण अर्जदार स्त्री होती. तिने तो नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. ती बेंगळुरूला गेली आणि सत्याग्रहाची भाषा बोलली. अखेर तिला प्रवेश मिळाला तोही अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, आणि संचालकांचे समाधान झाले तरच कामाला मान्यता मिळेल. तिने डाळी आणि दूध यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली, पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. याच पुढे कमला सोहोनी. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरा आणि तत्सम स्वस्त अन्नांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला, म्हणजे गरिबाच्या ताटाचेच रसायनशास्त्र केले.

ही कथा सांगताना स्त्रीच्या जिद्दीचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजू आपण विसरू नये. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि त्याच संस्थेत शिकलेले होते. आपल्याला नकार मिळाला आहे, तो अन्याय्य आहे आणि दाद कोठे मागावयाची, हे त्या घराला ठाऊक होते. माझ्या पडवीत बसलेल्या मुलीला कोणीही नकार दिलेला नाही. तिच्यापुढे फक्त दोन मोकळे रकाने आहेत. नकार देणारा माणूसच समोर नसेल तर सत्याग्रह कोणाच्या दाराशी करावयाचा? आजच्या विषमतेचे बळ याच गोष्टीत आहे की ती कोणाच्या तोंडून बोलत नाही.

हेच चित्र आपल्या माणसांनी मुंबईतही पाहिले आहे. परळ-लालबागच्या चाळींत मालवणी माणसाच्या तीन पिढ्या राहिल्या. त्या गिरणगावाच्या मध्यावर हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि प्रजनन-आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभ्या आहेत. भारतातील जैववैद्यक संशोधनाचा एवढा दाट पट्टा क्वचितच दुसरीकडे असेल. आपली माणसे या इमारतींत शिरली ती रुग्ण म्हणून, वॉर्डबॉय आणि आया म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि कित्येक कुटुंबे गावी परतली. संशोधक म्हणून आत गेलेली काही मुले आहेत, त्यांचा अभिमान आहे. पण भिंतीला भिंत लागून राहूनही दार इतक्या थोड्यांना उघडले, तर येथून शेकडो मैलांवर बसलेल्या मुलीला ते आपोआप उघडेल हे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आपल्याच गोटातून येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, तेथे पीएच.डी.ची चर्चा ही चैन नव्हे काय? सत्तेच्या बाकांवरून हाच आक्षेप अधिक उद्दामपणे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा ही मुले पीएच.डी. करून काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल मंत्र्यांकडून आला. 'बार्टी', 'सारथी', 'महाज्योती' यांच्या संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या हक्काच्या वृत्तीसाठी आझाद मैदानात बसावे लागले, हा त्याच मनोवृत्तीचा परिपाक होता.

दिव्याचाच हिशेब हवा असेल तर तो कोकणानेच दिला आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. गरीब घरातून, नाना कामे करीत शिकलेला हा माणूस. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्री जागून नोंदी केल्या. मृत्यू हृदय आणि फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांतून येतो हे ओळखले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर प्राणदायी ठरते हे दाखवून दिले. 'लॅन्सेट'ने त्यांचे काम छापले. २०२२ मध्ये पद्मश्री आली. त्याच्या कितीतरी आधी कोकणातील असंख्य घरांत मुले वाचली होती. उपचार आणि संशोधन यांत निवड करावयाची असते हा समज त्या एका आरोग्य केंद्राने खोटा ठरवला. विंचू कोणाच्या घरात चावतो हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच तो प्रश्न संशोधनाचा वाटला. पातेरा गोळा करणाऱ्या बाईला गोचीड कोठे आणि केव्हा चिकटते, हे पातेरा गोळा करणाऱ्या बाईच्या मुलीला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. दार सैल केले तर विज्ञानाचा दर्जा घसरेल, असे म्हणण्याचा प्रघात आहे. दर्जाविषयी आस्था समाजवाद्यांना इतरांहून कमी असण्याचे कारण नाही. निकृष्ट संशोधनाची किंमत शेवटी गरीब रुग्णच मोजतो. म्हणूनच कोणाला गुणांची खिरापत वाटावी अशी मागणी नाही. २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात उत्तीर्णतेच्या टक्केवारीत कोकण विभाग राज्यात पहिला येत आला आहे. वर्तमानपत्रे त्याच्या बातम्या छापतात आणि आपण हार घालतो. ती मुले सात-आठ वर्षांनी प्रयोगशाळांच्या दाराशी दिसत नाहीत, तेव्हा बुद्धी मध्येच कोठे नाहीशी झाली असे समजावयाचे? दर्जाची चिंता खरी असेल, तर ज्याला संधी मिळाली नाही त्याच्या मोकळ्या रकान्याला अपात्रता समजणे आधी थांबले पाहिजे.

मग काय करावयाचे? काही मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधनसंस्थेने उन्हाळी प्रशिक्षणाच्या काही जागा ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे. शिफारसपत्रे पहिल्या चाळणीत मागू नयेत. मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराला प्रवासखर्च मिळावा. अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील टप्प्यात ४२,००० रुपये झाली आहे. ती रक्कम महिन्याच्या महिन्याला हाती पडली पाहिजे, कारण थकलेल्या वृत्तीवर शहरात दिवस काढण्याची ताकद सुखवस्तू घरालाच असते. राज्याच्या संस्थांनी वृत्तींची संख्या आवळण्याचे धोरण सोडावे.

आणि एक मागणी खास या जिल्ह्याची. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांची योजना आहे आणि पालघर जिल्ह्यात डहाणूला असे केंद्र उभे आहे. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. माकडताप आणि लेप्टो ज्या जिल्ह्यात ठाण मांडून आहेत, तेथे असे केंद्र का असू नये? ते झाले तर येथील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी परमुलखात जावे लागणार नाही. त्याच्या रकान्यात खरा अनुभव आणि खरे नाव लिहिले जाईल.

सरकारकडे मागावयाचे ते मागूच, पण आपल्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. आजवर आपण लोकांचे रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले, सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दाराशी बसलो, निराधारांच्या पेन्शनीसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. पीएच.डी.चा अर्ज मात्र आपल्याला आपला वाटला नाही. तो शिकलेल्यांचा, म्हणजे सुटलेल्यांचा, असे आपण गृहीत धरले. ज्या किनाऱ्याचे प्रतिनिधित्व १९७१ ते १९९१ मधू दंडवते यांच्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने लोकसभेत केले, तेथील कार्यकर्त्याने विज्ञान हे परक्याचे अंगण मानावे हे बरे नव्हे. मालवणात नाथ पै सेवांगणासारखी जागा आहे, तालुक्याच्या गावी वाचनालये आहेत. तेथे वर्षातून दोनदा, परीक्षांच्या आधी, या वाटेची माहिती देणारी शिबिरे भरवता येतील. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत पोहोचलेल्या कोकणातील संशोधकांची यादी करून त्यांना एकेका विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावयास सांगता येईल. मुलाखतीच्या प्रवासासाठी छोटासा निधी उभा करता येईल. यासाठी कोणत्याही मंत्र्याच्या सहीची गरज नाही.

त्या मुलीचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. ते दोन रकाने जवळजवळ मोकळेच गेले आणि मुलाखतीचे बोलावणे आले नाही. सध्या ती एका खाजगी तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते, त्यांना चिठ्ठ्या लावते आणि मोठ्या शहरांकडे रवाना करते. परवा बाजारात भेटली. म्हणाली, "सर, औंदा परत भरतलंय." अर्ज भरण्याआधी तिच्या त्या दोन रकान्यांसाठी आपण काही करू शकलो, तर या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.